विभक्त पालकांमधील संवाद

विभक्त पालकांमधील संवाद म्हणजे घटस्फोटानंतर किंवा वेगळे राहू लागल्यानंतर आई-वडिलांनी अपत्याच्या संगोपनापुरता परस्परांशी ठेवलेला व्यवहार. मुलाचे आरोग्य, शिक्षण, खर्च, भेटीचे दिवस आणि सुट्या हे त्याचे प्रमुख विषय होत.

कायदेशीर चौकट

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ नुसार पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असतो. मात्र कोणत्याही निर्णयात मुलाचे हित सर्वोपरी मानले जाते. पालक व पाल्य अधिनियम, १८९० सर्व धर्मीयांना लागू असून, समजत्या वयाच्या मुलाची इच्छा विचारात घेण्याची तरतूद त्यात आहे. भारतीय विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याचा पर्याय सुचवला. यशिता साहू खटल्यात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने भेटीच्या हक्काबरोबर संपर्काच्या हक्कालाही महत्त्व दिले आणि ताबा नसलेल्या पालकाला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटे बोलता यावे, असे म्हटले.

संवादाची रीत

निरोप थोडक्यात, लेखी आणि मुलापुरताच असावा. ‘शनिवारी अकरा वाजता परतवाडा बसस्थानकावर आणतो; तापाचे औषध दप्तरात आहे’ एवढा मजकूर पुरेसा असतो. त्यात जुन्या भांडणाचा एक शब्द आला, की उत्तर औषधाविषयी येत नाही, भांडणाविषयी येते. लेखी निरोपाचा आणखी एक उपयोग असा, की पुढे वाद झाल्यास कोण काय म्हणाले याची नोंद राहते. पोटगीची थकबाकी आणि भेट यांची सांगड घालू नये. थकबाकीसाठी न्यायालयाचा मार्ग वेगळा आहे, आणि भेट अडवल्याने शिक्षा होते ती मुलाला.

मुलाला निरोप्या करणे ही सर्वांत सर्रास आढळणारी चूक. ‘बाबांना सांग, फी भरा’ हे वाक्य वरकरणी साधे आहे. पण नकार आला तर तो ऐकण्याचे आणि परत आणून सांगण्याचे काम मुलावर पडते. दुसऱ्या घरी काय घडले याची चौकशी उलटतपासणीसारखी करणेही तितकेच घातक.

कौटुंबिक हिंसाचार झाला असल्यास थेट संवादाचा आग्रह धरला जात नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी अधिनियमानुसार, मुलास अपाय होण्याची शक्यता दिसल्यास दंडाधिकारी भेट नाकारू शकतात. मदतीसाठी महिलांकरिता १८१ आणि बालकांकरिता १०९८ हे दूरध्वनी क्रमांक आहेत.

मेळघाटातील स्थिती

अमरावती जिल्ह्याच्या चिखलदरा तालुक्यातील सेमाडोह हे सिपना नदीकाठचे, व्याघ्र प्रकल्पातील गाव. परतवाडा-धारणी मार्गावरील या गावापासून अमरावती सुमारे शंभर किलोमीटर दूर आहे. त्यामुळे लहानसहान मतभेदासाठी न्यायालय गाठणे म्हणजे मजुरीचा दिवस बुडवणे. परिसरातील कोरकू ही अनुसूचित जमात असल्याने, केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याखेरीज हिंदू विवाह अधिनियम, १९५५ व वरील १९५६ चा अधिनियम तिला लागू होत नाहीत. विवाह आणि फारकत रूढीनुसार चालतात. मुलाच्या ताब्याचा वाद न्यायालयात गेलाच, तर १८९० च्या अधिनियमाखाली मूल जेथे सामान्यतः राहते त्या क्षेत्राच्या न्यायालयात अर्ज करता येतो.

रोज फोनवर बोलण्याची अपेक्षा जंगलपट्ट्यात सहज पुरी होत नाही. संपर्क सर्वत्र मिळत नाही आणि मजुरीसाठी पालक महिनोन्‌महिने गावाबाहेर असतात. अशा वेळी ‘रोज’ या शब्दापेक्षा ‘बाजाराच्या दिवशी’ हा ठराव अधिक पाळला जातो. मूल आश्रमशाळेत असेल तर भेटीस कोण येणार आणि सुटीत ते कोणासोबत जाणार, हे दोघांनी आधी ठरवून मुख्याध्यापकांना कळवावे लागते. अन्यथा सुटीच्या दिवशी शाळेच्या फाटकातच वाद उभा राहतो आणि तो इतर मुलांसमोर होतो.

भेटीची वेळापत्रके बहुधा दिवाळी आणि उन्हाळी सुटी वाटून घेतात. कोरकूंचा मोठा सण मात्र होळी. बाहेरगावी गेलेले मजूर फगव्यासाठी गावी परततात आणि दूर असलेल्या पालकाला मुलाला भेटण्याची खात्रीची संधी पुष्कळदा तेव्हाच मिळते. वेळापत्रकात होळीचे दिवस स्पष्टपणे लिहिले नसतील, तर दिवाळीची काटेकोर वाटणी येथे फारशी उपयोगी पडत नाही.