कोरी जागा ठेवायची नाही

पोर्तुगीज अमदानीतल्या गोव्याबद्दल जुनी माणसं बोलायला लागली की एक गोष्ट हमखास निघते. लग्नाची निमंत्रणपत्रिकासुद्धा छापण्यापूर्वी सेन्सॉरला दाखवावी लागे! नव्या पिढीला ही थाप वाटते. वधूचे नाव, वराचे नाव, मुहूर्त, कुलदेवतेचा कृपाप्रसाद, यात सरकार उलथवण्याजोगे काय असणार? पण ही थाप नव्हे. सालाझारच्या काळात छापखान्यातून बाहेर पडणारा कागद, मग तो वर्तमानपत्राचा अग्रलेख असो, नाटकाची जाहिरात असो की मुंजीचे आमंत्रण असो, आधी तपासनिसाच्या टेबलावरून जायचा आणि मगच छपाईयंत्रावर चढायचा.

कोणी काय बोलावे, काय छापावे आणि ते कोणी ठरवावे हा वाद नवा नाही. आज तो नव्या साधनांवर चालतो एवढेच. आपल्या गोव्यात तर तो छापखान्याइतकाच जुना आहे. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. त्यानंतर चारच वर्षांनी, १५६० साली, इन्क्विझिशन आले हे मात्र त्याच वाक्यात सांगत नाही. फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोलला छापले गेले, तेही धर्मसत्तेचा परवाना घेऊनच. म्हणजे मराठीतला तो मोठा ग्रंथ लिहिणारा माणूस स्वतः जेझुइट पाद्री, विषय ख्रिस्ताचे चरित्र, आणि तरी परवानगी हवीच! हिंदूंच्या पोथ्यांची काय गत झाली असेल ते सांगायला नको. पुढे १६८४ साली व्हाइसरॉयने लोकांची भाषाच मोडून काढण्याचा हुकूम काढला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्यातली छपाई बंद पडली ती थेट १८२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. जिथे भारतातला पहिला छापखाना आला, तिथे जवळजवळ दीडशे वर्षे छापलेले अक्षर निघाले नाही.

१८२१ साली पोर्तुगालात उदारमतवाद्यांची सरशी झाली म्हणून इथे 'गाझेत द गोवा' निघाले. १८२६ मध्ये व्हाइसरॉयने तेही बंद केले. मग गोव्यातल्या माणसांनी काय केले? ते मुंबईला गेले. १८३५ साली बेर्नार्द पेरिस द सिल्व्ह हा पहिला गोमंतकीय माणूस गोव्याचा कारभारी झाला, अवघ्या सतरा दिवसांत त्याला बंड करून हाकलले गेले, आणि त्या भांडणाची उणीदुणी काढणारी पोर्तुगीज वर्तमानपत्रे निघाली ती पणजीत नव्हे, मुंबईत. इंग्रजांच्या राज्यात. घरचे भांडण घरात बोलता येईना म्हणून शेजाऱ्याच्या ओटीवर जाऊन बोलायचे, ही गोमंतकीयांची सवय तेव्हापासूनची. पुढे शंभर वर्षांनीही तेच झाले, ते ओघात येईलच.

गोव्यातले पहिले खासगी वर्तमानपत्र 'उल्त्रामार' १८५९ साली मडगावात निघाले. त्याला उत्तर म्हणून दोन वर्षांत 'इंदिया पोर्तुगेझा' आले, आणि या दोघांनी एकमेकांचा जो उद्धार केला त्याला तोड नाही. एक एका जातीचे पत्र, दुसरे दुसऱ्या जातीचे. सासष्टीतल्या राजकारणातली सगळी विखारी भांडणे त्या पानांतून वाहिली. मोकळ्या लेखणीचे गोडवे गाताना हेही विसरू नये. मोकळीक मिळाली की माणसे लगेच शहाण्यासारखी लिहू लागतात असे कधी झालेले नाही. सेन्सॉरचे समर्थक नेहमी याच गोष्टीकडे बोट दाखवत आले आहेत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ आहे असे मला वाटत नाही.

पण त्यावर उपाय काय, हा खरा प्रश्न. १९१० साली पोर्तुगालात राजेशाही गेली, प्रजासत्ताक आले आणि गोव्यातल्या हिंदूंना प्रथमच बरोबरीचे नागरिकत्व लाभले. त्यानंतरची पंधरा-सोळा वर्षे म्हणजे गोव्यातल्या मराठी नियतकालिकांचा बहराचा काळ. केप्यासारख्या आडगावातून गोविंद पुंडलिक हेगडे देसाई 'भारत' हे साप्ताहिक १९१२च्या सुमारास काढू लागले. जमीनदार, भटजी, सरकारी अंमलदार, कोणालाच त्यांनी सोडले नाही. साहजिकच त्यांच्यावर खटल्यांमागून खटले झाले.

इथे एक फरक नीट पाहायला हवा. हेगडे देसाईंना कोर्टात खेचले गेले ते छापून झाल्यावर. अंक लोकांच्या हातात पडलेला असायचा. ज्याला झोंबले तो फिर्याद करायचा, न्यायाधीश दोन्ही बाजू ऐकायचा, वकील भांडायचे, गावात चर्चा व्हायची. निकाल विरुद्ध गेला तरी काय लिहिले होते हे सगळ्या केपे महालाला ठाऊक असायचे. संपादकाला त्रास व्हायचा, खिसा रिकामा व्हायचा, हे खरेच. पण त्याला आरोप ठाऊक असायचा आणि आरोप करणाऱ्याचे तोंडही दिसायचे.

सालाझारने हा क्रम उलटा केला. १९२६ साली पोर्तुगालात लष्करी उठाव झाला तेव्हापासून वर्तमानपत्रांवर तपासणी आली होती. १९३३ मध्ये तिला कायद्याचे कायम रूप मिळाले. यातली गंमत अशी की सालाझारची नवी राज्यघटना ११ एप्रिल १९३३ रोजी अमलात आली. तिच्या आठव्या कलमात नागरिकांना विचार प्रकट करण्याचे स्वातंत्र्य दिलेले होते. आणि त्याच दिवशी, म्हणजे ११ एप्रिललाच, २२४६९ क्रमांकाचा हुकूम निघाला आणि छापण्याआधीची तपासणी बंधनकारक झाली. कारण काय दिले? तर लोकमत ही समाजातली एक शक्ती आहे आणि ती बिघडू नये म्हणून! लोकांच्या भल्यासाठीच हो सगळे. उजव्या हाताने दिले आणि त्याच दिवशी डाव्या हाताने काढून घेतले.

पोर्तुगालातले तपासनीस निळी पेन्सिल वापरत. मजकुरावर निळी रेघ ओढली की तो गेला. कारण सांगायची गरज नाही, अपील जवळजवळ नाहीच. अंकावर मात्र 'सेन्सॉरने पाहिले' अशी ओळ छापावी लागे. त्याहून मला जास्त लक्षणीय वाटतो तो दुसरा नियम: कापलेली जागा कोरी ठेवायची नाही. तिथे दुसरे काहीतरी भरायचे. पावसाची बातमी घाला, संताच्या सणाचे वृत्त घाला, काहीही घाला, पण इथे काहीतरी होते आणि ते काढले, हे वाचकाला कळता कामा नये. म्हणजे बोलणे तर बंद करायचेच, पण बंद केल्याची खूणही ठेवायची नाही.

हा नियम फक्त पोर्तुगीजांच्याच डोक्यातून निघाला असे समजू नका. आणीबाणी पुकारल्यावर, २८ जून १९७५ला, 'इंडियन एक्स्प्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. त्यानंतर दिल्लीहून ज्या सूचना निघाल्या त्यांत कोऱ्या जागा सोडायच्या नाहीत हेही होते. सालाझारचा आणि इंदिरा गांधींचा काही संबंध नाही, किंबहुना त्यांच्या वडिलांनीच गोवा मुक्त केला. पण सेन्सॉरची खुर्ची एकदा मांडली की तिच्यावर बसणाऱ्याला त्याच त्याच गोष्टी सुचत जातात. १९७५च्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षपदावरून जे केले, ते म्हणजे एका अर्थी अशी कोरी जागा भर मांडवात उभी करणेच होते. आजारी जयप्रकाशांसाठी सगळ्या मांडवाने उभे राहून प्रार्थना केली. तिथे निळी पेन्सिल चालवणार कशी?

मी स्वतः सरकारी कचेरीत कागद पुढे सरकवणारा माणूस. तपासनिसाच्या बाजूनेही थोडा विचार करून पाहतो. त्याच्यासमोर एक ओळ येते, जी कदाचित वरिष्ठांना आवडणार नाही. ती सोडली आणि उद्या बोंब झाली तर नोकरी त्याची जाणार. कापली तर? काहीच होणार नाही. न छापलेल्या ओळीबद्दल आजवर कुठल्या तपासनिसाला मेमो मिळाला आहे? मग तो काय करील? शंका आली की कापील. शंका आली नाही तरी कापील. लग्नपत्रिकेपर्यंत हे लोण पोचले ते सगळे तपासनीस दुष्ट होते म्हणून नव्हे. नकार देण्याला किंमत पडत नाही आणि होकाराला पडते, म्हणून.

दुसऱ्या बाजूला लिहिणारा असतो. दहा वेळा ओळ कापली गेली की अकराव्या वेळी तो ती लिहीतच नाही. लुईस द मिनेझिस ब्रागांझ यांच्यासारखा एखादाच अपवाद. चांदरच्या या माणसाने ४ जुलै १९३० रोजी विधिमंडळात उभे राहून, वसाहत कायद्याच्या विरोधात, आपले भवितव्य आपण ठरवण्याचा हक्क गोव्याच्या लोकांनी सोडलेला नाही असा ठराव मांडला. त्यांचे 'प्रकाश' हे पत्र १९३७ मध्ये बंद पाडले गेले. पुढल्याच वर्षी ते वारले. बाकीच्या पत्रांनी जन्म-मृत्यू, बदल्या, मेजवान्या आणि लिस्बनच्या तारा छापायला सुरुवात केली. ती पाने चाळली तर गोव्यात काही घडतच नव्हते असे वाटावे.

मग पुन्हा शेजाऱ्याची ओटी. त्रिस्ताव द ब्रागांझ कुन्हा यांचे गोमंतकीयांच्या राष्ट्रीयत्वनाशावरचे पुस्तक १९४४ मध्ये निघाले ते मुंबईत. गोव्यात छापणे शक्यच नव्हते. जाहीर सभेलाही आगाऊ परवानगी लागायची. म्हणून १८ जून १९४६ला मडगावात राममनोहर लोहिया आणि ज्युलियांव मिनेझिस यांनी जे केले, त्याचे मोल लोहियांच्या भाषणातल्या मुद्द्यांपेक्षा वेगळे आहे. भर पावसात माणसे जमली. कॅप्टन मिरांद या आदमिनिस्त्रादोराने पिस्तूल काढले आणि लोहियांनी त्याचा हात बाजूला सारला. भाषण धड पूर्णही झाले नाही. पण विनापरवाना सभा झाली! पुढच्या दिवसांत वत्सला कीर्तनींसारख्या तरुण मुली त्याच चौकात उभ्या राहिल्या. कुन्हांना जुलैत पकडले, लष्करी न्यायालयापुढे उभे केले आणि आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालातल्या पेनिशच्या किल्ल्यात पाठवले.

याच्याही पुढची पायरी १९५४च्या फेब्रुवारीत म्हापशाला दिसली. तिथले शल्यविशारद डॉ. पुंडलिक गायतोंडे एका मेजवानीला गेले होते. गोवा म्हणजे पोर्तुगालच, अशा थाटाचे भाषण चालू होते. डॉक्टर एवढेच म्हणाले, 'मी निषेध करतो.' पोर्तुगीजमध्ये दोन शब्द: 'एव प्रोतेश्तु'. घोषणा नाही, पत्रक नाही, सभा नाही, जेवणाच्या टेबलावर दोन शब्द. त्यांना अटक झाली आणि पोर्तुगालला रवानगी. इथवर निळी पेन्सिल पोचली होती. कागदावरून टेबलावर, टेबलावरून माणसाच्या तोंडापर्यंत.

मला नेहमी वाटते की एवढ्या कडेकोट बंदोबस्ताचा खरा तोटा राज्यकर्त्यांनाच झाला. लोक काय बोलतात हे त्यांना कळेनासे झाले. आपणच तपासून छापलेली वर्तमानपत्रे वाचायची आणि प्रजा सुखी आहे असे लिस्बनला कळवायचे! इकडे लोकांचा छापील अक्षरावरचा विश्वासच उडाला. खरी बातमी ती, जी कानात सांगितली जाते. बाजारात, तारवेर्नात, देवळाच्या पायरीवर. अफवा आणि बातमी यांतला फरक सांगणारे कोणी उरले नाही.

या पोकळीत २५ नोव्हेंबर १९५५ पासून एक आवाज येऊ लागला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या जंगलातून एक गुप्त नभोवाणी केंद्र चालवायला सुरुवात केली. एका तरुणाने आणि एका तरुणीने, साप-विंचवांच्या आणि पावसाच्या संगतीत, कोंकणीतून आणि पोर्तुगीजमधून. पुढे ते केंद्र कॅसलरॉकला हलले. सहा वर्षे ते चालले. गोव्यात लोक दारे-खिडक्या लावून, आवाज बारीक करून ते ऐकायचे. त्या केंद्रावरून जे सांगितले जाई ते एका बाजूचेच होते हे उघड आहे, प्रचार होताच तो. पण दुसरी बाजू सरकारनेच बोलण्यालायक ठेवली नव्हती. सेन्सॉरखाली निघालेल्या पत्रातले खरे वृत्तही लोकांना खोटे वाटे, आणि जंगलातून आलेला प्रत्येक शब्द खरा.

१९ डिसेंबर १९६१ला त्याच दोघांनी विमानातून गोव्यावर फिरत ध्वनिक्षेपकावरून मुक्तीची बातमी दिली. पुढच्या मार्चमध्ये, २४ तारखेला, बा. द. सातोस्करांच्या संपादकत्वाखाली 'गोमन्तक' हे गोव्यातले पहिले मराठी दैनिक निघाले. काही वर्षांतच जनमत कौलाच्या निमित्ताने गोव्यातल्या पत्रांनी एकमेकांवर असे काही तोंडसुख घेतले, की जुन्या 'उल्त्रामार'वाल्यांनीही मान खाली घातली असती.