कोंबडीच्या पंखाखालचे मोर

जुन्नरच्या लेण्यांविषयी वाचायला बसलं की कर्नल साइक्स हे नाव वारंवार भेटतं. १८२४ मध्ये मुंबई सरकारने विल्यम हेन्री साइक्सला दख्खनच्या पाहणीवर नेमलं. जमीन, पिकं, पाऊस, माणसं यांची मोजदाद करत तो आमच्या भागात फिरला. १८२८ मध्ये त्याने नाणेघाटातल्या लेण्याची नोंद केली, १८३७ मध्ये जुन्नरच्या लेण्यांतले लेख छापले. मला मात्र तो जवळचा वाटतो तो १८३२च्या पक्ष्यांच्या यादीमुळे. त्या यादीत मोराबद्दल तो सांगतो की घाटातल्या दाट रानात रानमोर भरपूर आहेत, हा पक्षी सहज माणसाळतो आणि दख्खनमधल्या पुष्कळ देवळांपाशी मोरांचे मोठे थवे असतात.

माझं माहेर आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेला, लोणी-धामणीच्या कोरडवाहू पट्ट्यात. साइक्सचं ते टिपण वाचलं आणि आजीच्या तोंडून ऐकलेलं सगळं मला एकदम उलगडलं. तिच्या लहानपणी गावाबाहेरच्या देवळाजवळच्या चिंचांवर मोर रात्रीला असायचे. गुरव सकाळी ओट्यासमोर मूठ-दोन मूठ बाजरी टाकायचा आणि उन्हाळ्यात दगडी डोणीत पाणी भरायचा. मोर पाळणं म्हणजे एवढंच. ना खुराडं, ना साखळी, ना कुणाची मालकी. मोर कुणाचे असं विचारलं तर देवाचे म्हणायचे, आणि देवाच्या पाखराला धोंडा मारायची कुणाची छाती नव्हती.

ही रीत मोराच्या स्वभावाला धरून होती. मोर ठिकाण सोडून फार लांब जात नाही. तीच उंच झाडं, तीच उतरायची वाट, तेच पाणी. दिवस मावळला की तो झाडावर चढतो, कारण रात्री जमिनीवर राहिला तर तो कोल्ह्या-बिबट्याच्या तोंडी जाणार. म्हणून त्याला घराजवळ ठेवायचं तर आधी झाड राखावं लागतं. विणीच्या दिवसांत प्रत्येक नर आपापली मोकळी जागा धरतो. अशा चार-सहा नरांच्या जागा जवळजवळ असतात, आणि लांडोरी त्या सगळ्यांकडे फिरून मग एखाद्याची निवड करतात. देवळासमोरचं झाडलेलं पटांगण किंवा गावाकडेचं रिकामं खळं मोराला हवी असते तशीच उघडी जागा देतं. नाचणारा मोर पिसारा नुसता उभारत नाही, तो थरथरवतो, आणि त्यातून आपल्या कानाला न ऐकू येणारा खालच्या पट्टीतला आवाजही निघतो. लांडोर मोराचे अश्रू पिऊन गाभण राहते ही समजूत मी लहानपणापासून ऐकत आले. ती खोटी आहे. इतर पक्ष्यांसारखाच त्यांचाही समागम होतो. इतक्या देखण्या जोडीबद्दल ही भाकडकथा अजून सांगितली जाते याचं मला वाईट वाटतं.

देवळाबाहेर घरोघर चालणारी एक रीत होती. लांडोर आषाढ-श्रावणात जमिनीवरच, बांधाच्या गवतात किंवा बाजरीच्या पिकात नुसता खळगा करून चार-सहा अंडी घालते. खुरपणी करणाऱ्या बायकांना ती सापडायची. लांडोर एकदा उठली की कुत्री आणि मुंगसं त्या जागेवर टपलेली असायची, म्हणून अंडी पदरात घालून घरी यायची. घरात खुडूक कोंबडी असली की काम झालं. पण कोंबडीची अंडी एकवीस दिवसांत फुटतात आणि लांडोरीची सुमारे अठ्ठावीस दिवसांत. दोन्ही एकदम ठेवली तर कोंबडीची पिल्लं आधी निघणार, कोंबडी त्यांना घेऊन चरायला उठणार आणि मोराची अंडी गार पडणार. आजी आधी मोराची अंडी ठेवायची, आठवड्याने त्यांत कोंबडीची दोन घालायची. तिला हे तिच्या सासूने शिकवलं होतं.

पुढे कोलुमेला या रोमन शेतीतज्ज्ञाचं म्हणणं वाचनात आलं आणि मी थक्क झाले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला हा माणूस. तो सांगतो की कोंबडीखाली नऊ अंडी ठेवा, पाच लांडोरीची आणि चार कोंबडीची. दहाव्या दिवशी कोंबडीची काढून तितकीच ताजी घाला, म्हणजे सगळी एकाच वेळी फुटतील. आजीचा हिशोब, अगदी तोच! रोममध्ये मोर मेजवानीसाठी पोसत. आउफिडियस लुर्को नावाचा गृहस्थ मोर पुष्ट करून विकायचा आणि वर्षाला साठ हजार सेस्टर्सहून जास्त कमवायचा, असं रोमन लेखक वारोने लिहून ठेवलं आहे. मोर मूळचा आपल्या उपखंडातला. तिकडे तो इकडूनच गेला. बावेरू जातक या बौद्ध कथेत व्यापारी बाबिलोनला आधी कावळा नेतात, मग मोर नेतात, आणि हा मोर चुटकी वाजवली की ओरडतो, टाळी वाजवली की नाचतो. पाळलेल्या मोराला शिकवता येतं हे आपल्या लोकांना जातककथांच्या काळीच कळलं होतं. सातवाहनांच्या काळात नाणेघाटाने जुन्नरला कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांशी जोडलं होतं, आणि जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट, चंद अशा यवन, म्हणजे पश्चिमेकडच्या परदेशी, दात्यांची नावं कोरलेली आहेत. इरिलने पाण्याची टाकी दिली. ज्या जगात कोलुमेला कोंबडीखाली मोराची अंडी मांडत होता, त्या जगाशी जुन्नरचा बाजार बांधलेला होता. शाळेत आम्हाला जुन्नर म्हटलं की फक्त शिवजन्म शिकवला. ही दुसरी बाजूही मुलांपर्यंत जायला हवी असं मला मनापासून वाटतं.

पिल्लं निघाल्यावर आजी त्यांना हात लावू द्यायची नाही. "माणसाळलं की ते ना घरचं ना रानचं," ती म्हणायची. पिल्लू पहिल्या दिवसांत ज्याच्या मागे फिरतं त्यालाच आपल्या जातीचं समजतं. माणसाच्या हातावर वाढलेला नर वयात आला की माणसालाच प्रतिस्पर्धी धरतो आणि अंगावर येतो. त्याच्या पायाच्या आरीने लहान मुलाचा डोळासुद्धा जाऊ शकतो. आरशातल्या आणि मोटरसायकलच्या टाकीवरच्या आपल्याच प्रतिबिंबावर तो चोची मारतो तेही याच ईर्ष्येने. कोंबडीमागे फिरणारी पिल्लं मात्र दोन आठवड्यांत उडायला लागत, आणि पुढे एखाद्या संध्याकाळी कोंबडी खुराड्यात शिरली तरी ती वर झाडावर जाऊन बसत. तिथून ती रानची.

नराला पूर्ण पिसारा यायला तीन-चार वर्षं लागतात. तो दरवर्षी पावसाळा सरता सरता गळतो, म्हणून भाद्रपदात चिंचेखाली पिसं वेचायची गर्दी. काही देवघरात जायची, काही वासुदेवाच्या टोपीला. पीस त्याचं त्यानेच टाकलेलं असलं पाहिजे, उपटलेलं चालायचं नाही.

१९६३ मध्ये मोर राष्ट्रीय पक्षी झाला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत घातलं. आता मोर घरी ठेवणं, पिल्लू उचलणं, इतकंच काय अंड्यांना हात लावणंही गुन्हा आहे, आणि पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. आपसूक गळलेल्या पिसांना सूट आहे. आजीची रीत कायद्याने संपली. मला ते पटतं, कारण खुरपणीच्या बाईच्या मायेआड फाशांनी पारध करण्याचा धंदाही चालायचा, आणि दोघांत फरक करणार कोण?

डिंभे आणि कुकडीच्या कालव्यांनी जुन्नर-आंबेगावात ऊस आला, उसाबरोबर बिबट्या आला. आज बिबट्याची चाहूल आमच्या बायकांना पुष्कळदा मोरच देतो. त्याचा अवेळी, तुटक ओरडा आला की त्या विळे उचलून बांधावर येतात. पाणी न पोचलेल्या पूर्वेच्या पट्ट्यात मोर अजूनही हरभऱ्यात आणि भुईमुगात उघड हिंडतात. शेजारच्या शिरूर तालुक्यातली मोराची चिंचोली तर मोरांवरच पर्यटनाचं गाव झाली आहे. तिथेही मोर टिकले ते जुन्या चिंचांमुळे. म्हणून रस्तारुंदीत चिंच पडते तेव्हा माझ्या पोटात कालवतं. नवं झाड मोराला बसण्याजोगं व्हायला एक पिढी जाते.

माझा भाऊ अजून तिथेच शेती करतो. बाजरीत अंडी दिसली की तो चारी बाजूंना काठ्या रोवतो, तेवढा तुकडा खुरपायचा आणि कापायचा ठेवतो आणि कुत्रं बांधून घालतो. लांडोर पुन्हा येऊन बसते, कधी त्याच संध्याकाळी.