मराठी मजकूर आणि संगणकीय प्रवाह : बाइटपासून वर्णापर्यंतच्या वाटचालीचा ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

२००० च्या दशकात महाविद्यालयीन नियतकालिके व चर्चासत्रांची निवेदने चाळली, तर लेखकांसाठी एक सूचना वारंवार आढळते. मराठी लेख अमुक फॉन्टमध्येच टंकलिखित करून सीडीसह पाठवावा, अशी ती सूचना असे. कोणी श्रीलिपीचा आग्रह धरी, कोणी कृतिदेवचा, तर कोणी डीव्हीबी-टीटी मालिकेतील सुरेख वा योगेशचा. त्या काळातील एखादी फाईल आज उघडून पाहावी. मूळ फॉन्ट संगणकावर नसेल, तर पडद्यावर रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि चलनचिन्हे यांचा गुंता दिसतो. फाईल खराब झालेली नसते. तिच्यातील एकही बाइट बदललेला नसतो, आणि तरीही ती वाचता येत नाही.

फाईल शाबूत आणि मजकूर मात्र हरवलेला, हा प्रकार कसा उद्भवला? या प्रश्नाचे उत्तर शोधताना ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषांतील मजकूर-प्रवाहांचा, म्हणजेच टेक्स्ट स्ट्रीम्सचा, इतिहास तपासावा लागतो. प्रस्तुत लेखात सी प्लस प्लस आणि विशेषतः जावा या भाषांतील प्रवाहांचा विचार मराठी मजकुराच्या अंगाने केला आहे. संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात हा विषय एका प्रात्यक्षिकापुरता असतो. मराठीच्या प्राध्यापकांना तो आपला वाटत नाही. लेखकाच्या मते तो दोन्ही विभागांचा आहे.

प्रवाह या कल्पनेचा उगम

आरंभीच्या संगणकांना मजकूर मिळे तो छिद्रित कार्डांवरून. एका कार्डावर ८० स्तंभ, म्हणून एका ओळीत ८० अक्षरे, अशी ती बांधील रचना होती. १९७० च्या दशकाच्या आरंभी बेल प्रयोगशाळेत घडलेल्या युनिक्स प्रणालीने हे बंधन झुगारले. फाईल म्हणजे एकामागून एक येणारे बाइट, एवढीच तिची व्याख्या उरली. मजकूर पडद्यावर जातो, डिस्कवर जातो की दुसऱ्या आज्ञावलीकडे जातो, याची चिंता लेखन करणाऱ्या आज्ञावलीने करावयाची नाही.

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषांनी ही कल्पना उचलून तिला क्लासचे रूप दिले. नॉर्वेत दाल आणि नायगार्ड यांनी घडविलेल्या सिम्युला ६७ मध्ये फाईलसाठी स्वतंत्र क्लास होते. बिआर्ने स्ट्राउस्ट्रूप यांच्या सी प्लस प्लसमध्ये प्रवाह आले आणि पुढे जेरी श्वार्ट्झ यांनी त्या ग्रंथालयाची नव्याने मांडणी केली. मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील एका पिढीने टर्बो सी प्लस प्लसच्या निळ्या पडद्यावर हेच प्रवाह गिरविले. त्या पिढीचे सर्व प्रयोग इंग्रजी मजकुरावर झाले. फाईलमधील अक्षरांची वारंवारता मोजण्याचा ठरावीक प्रयोग घेऊन त्याला देवनागरी फाईल दिली असती, तर १२७ च्या पुढील बाइट ऋण संख्या म्हणून वाचले गेले असते आणि आज्ञावली आपल्या सारणीबाहेर भरकटली असती. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट हे समीकरण इतके सहज जुळते, की ते समीकरण आहे हेच विद्यार्थ्याच्या ध्यानी येत नाही.

इस्की, फॉन्ट आणि पुणे

देवनागरीसाठी हे समीकरण प्रथम पद्धतशीरपणे मांडले गेले ते भारतातच. १९८० च्या दशकात कानपूरच्या आयआयटीमध्ये मोहन तांबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी जिस्ट तंत्रज्ञान विकसित केले. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये ते पुढे वाढले. इस्की ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने भारतीय मानक म्हणून मान्य झाली. तिच्यात पहिली १२८ स्थाने इंग्रजीसाठी तशीच ठेवून उरलेली भारतीय वर्णांना दिली होती. वर्ण उच्चाराच्या क्रमाने साठविले जात; ऱ्हस्व वेलांटी दिसते व्यंजनाच्या आधी, पण साठविली जाते व्यंजनानंतर. अक्षर कसे दिसावे हे प्रवाहात लिहावयाचे नाही, ते दाखविणाऱ्या यंत्रणेने ठरवावयाचे, हा त्यामागील विचार होता. जिस्ट कार्ड बसविलेल्या संगणकावर डीबेससारखी इंग्रजी आज्ञावलीसुद्धा देवनागरी दाखवू शके, ते यामुळेच.

इस्कीचे एक वैशिष्ट्य प्रवाहाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. देवनागरी 'प' आणि गुजराती 'प' यांचा संकेत एकच, २००. लिपी कोणती, हे प्रवाहात आधी येऊन गेलेल्या एका खुणेवरून कळते. म्हणजे मधूनच वाचू लागणाऱ्यास लिपी समजेलच असे नाही.

बाजारात मात्र इस्कीला मागे सारून फॉन्टच प्रबळ ठरले. छपाईला सुंदर अक्षर हवे होते आणि विंडोजवर ते मिळण्याचा जवळचा मार्ग म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसविणे. टंकलेखन यंत्राप्रमाणे वेलांटी आधी, काना वेगळा, अर्धे अक्षर वेगळे. अशा फाईलमध्ये वर्ण नसतातच. असतात त्या आकृत्या, आणि प्रत्येक कंपनीची आकृत्यांची यादी निराळी. यात कंपन्यांना दोष देणे अन्यायाचे होईल, कारण वृत्तपत्रे, प्रकाशने आणि महाविद्यालये यांचे त्या दशकातील काम याच फॉन्टवर चालले. तथापि फाईलमधून फॉन्टचे नाव गेले की अर्थही गेला, आणि साध्या मजकूर-प्रवाहात फॉन्टचे नाव ठेवण्यास जागाच नसते.

पनवेल : एक शब्द, तीन मोजमापे

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. तिच्यातील देवनागरी विभाग इस्कीच्या १९८८ च्या रूपावर आधारलेला आहे. पुढे १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ हे संकेतन रचले. आपल्याच गावाचे नाव घेऊन पाहू. 'पनवेल' या शब्दात वाचकाला अक्षरे दिसतात चार. युनिकोडच्या लेखी वर्ण पाच, कारण मात्रा वेगळी मोजली जाते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीतील प्रत्येक वर्णास तीन बाइट लागतात, म्हणून फाईलमध्ये बाइट होतात पंधरा. इस्कीत हाच शब्द पाच बाइटमध्ये मावतो.

हे पंधरा बाइट पाश्चात्त्य युरोपीय संकेतनाने वाचले, तर पंधरा परकी चिन्हे उमटतात. त्यांत जपानच्या येनचे चलनचिन्हही असते आणि मायक्रो हे मापनचिन्हही.

जावा : १९९७ चा निर्णय आणि त्याची अपूर्णता

जावाची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये आली. तिच्यात वर्णाचा प्रकार आरंभापासूनच सोळा बिटांचा, युनिकोडचा होता. प्रवाह मात्र बाइटचेच होते. ओळ वाचण्याची जी सोय होती, ती प्रत्येक बाइटला थेट एक वर्ण मानी. म्हणजे भाषेच्या आत देवनागरीला मानाचे स्थान होते, पण दारातून आत येण्याची वाट इंग्रजीपुरतीच होती.

फेब्रुवारी १९९७ मधील १.१ आवृत्तीने ही विसंगती दूर करण्याचा प्रयत्न केला. बाइटसाठी इनपुटस्ट्रीम आणि आउटपुटस्ट्रीम, वर्णांसाठी रीडर आणि रायटर, अशी दोन कुळे विभक्त झाली. दोहोंमध्ये उभा राहिला इनपुटस्ट्रीमरीडर हा क्लास. तो दुभाष्यासारखा आहे. एका बाजूने बाइट घेतो, दुसऱ्या बाजूने वर्ण देतो, आणि कोणत्या संकेतनाने भाषांतर करावयाचे हे त्याला सांगता येते. बाइट आणि वर्ण या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे भाषेच्या रचनेतच नोंदविले गेले. लेखकाच्या दृष्टीने या इतिहासातील ही सर्वांत महत्त्वाची घटना होय. पुढे २००२ च्या १.४ आवृत्तीत संकेतनांसाठी स्वतंत्र ग्रंथालय आले आणि त्या काळातील संकेतनांच्या यादीत इस्कीलाही स्थान मिळाले.

अपूर्णता राहिली ती एका पळवाटेत. दुभाष्याला संकेतनाचे नाव न सांगितल्यास तो त्या संगणकाचे प्रचलित संकेतन गृहीत धरी. आपल्याकडील इंग्रजी मांडणीच्या विंडोजवर ते बहुधा पाश्चात्त्य युरोपीय असे. पाठ्यपुस्तकांतील फाइलरीडर या सोप्या क्लासला तर संकेतनाचे नाव सांगण्याची सोयच नव्हती. ती २०१८ मध्ये, अकराव्या आवृत्तीत आली. यूटीएफ-८ हेच प्रचलित संकेतन ठरण्यास मार्च २०२२ ची अठरावी आवृत्ती उजाडावी लागली. पंचवीस वर्षे हा काळ लहान नव्हे.

चुकीचे वाचन आणि चुकीचे लेखन

या दोहोंत फरक आहे आणि तो अध्यापनात पुरेसा सांगितला जात नाही. यूटीएफ-८ मधील फाईल चुकीच्या संकेतनाने वाचली, तर पडद्यावर गुंता दिसतो, पण फाईल जशीच्या तशी राहते. योग्य संकेतन सांगून ती पुन्हा वाचता येते. जुन्या फॉन्टच्या फाईलचेही तसेच. फॉन्टचे नाव कळले, तर आकृत्यांची यादी जुळवून मजकूर परत मिळविता येतो.

लेखनात असे होत नाही. ज्या संकेतनात देवनागरी वर्णच नाहीत, त्यात 'पनवेल' लिहावयास सांगितले, तर जावाचा रायटर तक्रार न करता प्रत्येक वर्णाच्या जागी प्रश्नचिन्ह लिहितो. फाईलमध्ये उरतात पाच प्रश्नचिन्हे. उरणची तीन प्रश्नचिन्हे आणि कर्जतची पाच, कारण अर्धा र लिहिताना हलन्ताचा वर्णही मोजला जातो. एवढीच माहिती शिल्लक राहते. नाव राहत नाही. एखाद्या नोंदवहीचे रूपांतर करताना हे घडले आणि मूळ प्रत पुसली गेली, तर कोणत्याही तज्ज्ञास ती परत आणता येणार नाही.

मराठीचा र आणि मोडी

युनिकोडमुळे सर्व प्रश्न मिटले असे मानण्याचे कारण नाही. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतील भेद मराठी वाचकास ठाऊक आहे. दुसऱ्या शब्दातील र दोन रीतींनी लिहिता येतो : इस्कीच्या परंपरेने नुक्ता असलेल्या ऱ पासून, किंवा साध्या र नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. दोन्ही दिसतात सारखे. जावाच्या तुलनेत मात्र ते दोन भिन्न शब्द ठरतात आणि २००६ च्या सहाव्या आवृत्तीत आलेले सामान्यीकरणही त्यांना एक करीत नाही. 'कऱ्हाड' शोधणाऱ्यास यादीतील अर्धी कऱ्हाडे न सापडण्याची शक्यता यातूनच निर्माण होते.

मोडीची कथा याहून बोधक आहे. अंशुमन पांडे यांच्या प्रस्तावानंतर जून २०१४ मध्ये, युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला स्थान मिळाले, ते मूळच्या सोळा बिटांच्या मर्यादेपलीकडे. त्यामुळे मोडीचा एक वर्ण जावात दोन घटक व्यापतो आणि यूटीएफ-८ मध्ये चार बाइट. कोकणातील जुने मोडी कागद वाचून कोणी ते मूळ लिपीत संगणकावर उतरवू लागले, तर त्यांच्या आज्ञावलीने वर्ण मोजताना एक वर्ण म्हणजे जावाचा एक घटक हे गृहीतही सोडून द्यावे लागेल.