वीस दिवसांची मुदत

कायदा कोणीं करावा, हा प्रश्न जितका महत्त्वाचा, तितकाच तो करण्यापूर्वीं कोणास विचारावें, हाही आहे. आपल्या देशांतील वृत्तपत्रांच्या कायद्यांचा इतिहास पाहिला, म्हणजे या दुसऱ्या प्रश्नाचें मर्म ध्यानांत येतें.

इ. स. १८२३ च्या मार्चांत हंगामी गव्हर्नर-जनरल जॉन अ‍ॅडम यांनीं कलकत्त्यास असा नियम केला कीं, सरकारी परवान्यावांचून कोणीं वृत्तपत्र काढूं नये. परंतु १७७३ च्या रेग्युलेटिंग अ‍ॅक्टान्वयें असा नियम जाहीर करून, त्याची प्रत न्यायमंदिरांत लावून, वीस दिवस लोटल्यावांचून सुप्रीम कोर्टांत त्याची नोंद होत नसे. आणि नोंदीवांचून तो अंमलांत येत नसे. तेवढ्या अवकाशांत राममोहन रॉय, द्वारकानाथ टागोर प्रभृति सहा गृहस्थांनीं कोर्टाकडे अर्ज केला. त्यांचें म्हणणें साधें होतें: एवढ्या विस्तीर्ण राज्यांत चुका व्हावयाच्याच, त्या राज्यकर्त्यांच्या कानीं जाण्याचा सुलभ मार्ग त्यांनींच बंद करूं नये. न्यायमूर्ति मॅकनॉटन यांनीं तो अर्ज फेटाळला. इंग्लंडच्या राजाकडे धाडलेलें गाऱ्हाणेंही व्यर्थ गेलें. राममोहनांनीं आपलें 'मिरात-उल्-अखबार' हें फारशी पत्र बंद केलें.

मग त्या वीस दिवसांनीं काय साधलें? आमच्या मतें पुष्कळ साधलें. सरकारी नियमाची चर्चा उघड न्यायालयांत झाली आणि प्रजेचें म्हणणें लेखी राहिलें. १८३५ मध्यें मेटकाफ यांनीं परवान्याचें तें बंधन उठविलें.

याच्या उलट १८७८ चा देशी भाषांतील वृत्तपत्रांचा कायदा पाहा. १४ मार्च रोजीं लॉर्ड लिटन यांच्या कौन्सिलांत तो एकाच बैठकींत मांडला गेला व मंजूरही झाला. ज्यांच्या तोंडास कुलूप घालावयाचें, त्यांस एका दिवसाचीही मुदत मिळाली नाहीं. कलकत्त्याच्या टाऊन हॉलांत सभा भरली, पार्लमेंटांत ग्लॅडस्टन यांनीं विषय काढला. पण हें सर्व कायदा झाल्यावर. १८८१ च्या जानेवारींत पुण्यास 'केसरी' निघाला, तेव्हां हा कायदा जिवंतच होता. १८८२ मध्यें लॉर्ड रिपन यांच्या कारकीर्दींत तो रद्द झाला.

आज आपलेंच राज्य आहे. कायद्याचा मसुदा निदान तीस दिवस लोकांपुढें ठेवावा, असें केंद्र सरकारचें २०१४ सालचें धोरण आहे. मुदत वाढली खरी. परंतु परक्यांच्या अमदानींतले ते वीस दिवस कायद्यानें बांधलेले होते, आपले तीस दिवस केवळ धोरणानें. धोरण पाळणें सरकारच्या मर्जीवर. आणि मर्जीवर सोडलेली मुदत केव्हां मिळेनाशी होते, हें १८७८ नें दाखविलें आहे. तीस दिवसांसही कायद्याचा आधार मिळावा, एवढेंच आमचें मागणें आहे.