वेळ विचारण्याची रीत

आकाशवाणीच्या बातम्यांआधी टुकटुक वाजली की घरातलं एक जण भिंतीवरचं घड्याळ लावायचं आणि बाकीचे त्या घड्याळाकडे बघून आपापली मनगटी घड्याळं लावायचे. प्रत्येकाने रेडिओला कान लावायची गरज नसे. एखाद्या कचेरीतल्या पन्नास संगणकांची वेळ जुळवायची तर आजही हीच युक्ती कामी येते. एक यंत्र बाहेर विचारतं, उरलेली त्याला विचारतात.

संगणकाच्या पोटातलं घड्याळ स्फटिकावर चालतं आणि दिवसाला सेकंद-दोन सेकंद सहज चुकतं. त्यावर १९८५ मध्ये अमेरिकेतल्या डेव्हिड मिल्स यांनी नेटवर्क टाइम प्रोटोकॉल, म्हणजे एनटीपी, मांडला. मिल्स पुढे डेलावेअर विद्यापीठात शिकवू लागले.

खरी गोम होती निरोपाच्या प्रवासात. ‘दहा वाजले’ हे उत्तर पोचेपर्यंत दहा वाजून गेलेले असतात! म्हणून एनटीपी चार क्षणांची वेळ टिपतो. समजा, संगणकाने आपल्या घड्याळाच्या १०:००:०० ला प्रश्न धाडला. सर्व्हरच्या घड्याळात तो १०:००:०५ ला पोचला आणि लगेच उत्तर निघालं. ते संगणकाला १०:००:०२ ला मिळालं. जाऊन-येऊन दोन सेकंद, म्हणजे परतीचा एक. तेव्हा खरी वेळ १०:००:०६, आणि संगणक चार सेकंद मागे. जाण्या-येण्याला सारखाच वेळ लागला, हे मात्र इथे गृहीत धरावं लागतं. फरक अगदी किरकोळ असेल तर काटा एकदम सरकवत नाहीत. घड्याळ जरा जलद किंवा सावकाश चालवून हळूहळू जुळवतात.

सगळ्यांनी एकाच दारात गर्दी केली तर काय होतं, ते २००३ मध्ये विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाने भोगलं. नेटगिअर कंपनीच्या सात लाखांहून अधिक राऊटरमध्ये या विद्यापीठाच्या टाइम सर्व्हरचा पत्ता कायमचा कोरला गेला होता. वर, उत्तर मिळालं नाही तर दर सेकंदाला पुन्हा विचारायचं, असंही त्यांना पढवलेलं! जूनपर्यंत सेकंदाला अडीच लाख प्रश्न आदळू लागले. उत्तर देणं थांबवावं, तर राऊटर आणखीच हट्टाला पेटणार. विद्यापीठातल्या डेव्ह प्लॉन्का यांनी या प्रकाराची उकल करून सविस्तर अहवाल लिहिला.

भारतात २०२२ मध्ये सर्ट-इन या सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेने संस्थांना राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी घड्याळं जुळवायला सांगितलं. सायबर हल्ल्याचा माग काढताना दोन यंत्रांच्या नोंदी वेगवेगळी वेळ दाखवू लागल्या, तर आधी काय घडलं हेच कळत नाही.

कचेरीतलं ते बाहेर विचारणारं यंत्र, म्हणजे स्थानिक सर्व्हर, उभारणाऱ्याची फजिती बहुधा साध्याच जागी होते. लिनक्सवरचा क्रोनी हा प्रोग्राम आपणहून कोणालाच वेळ सांगत नाही. त्याच्या फाइलमध्ये ‘अलाऊ’ लिहून आपल्या नेटवर्कचा पत्ता द्यावा लागतो, फायरवॉलमध्ये यूडीपीचं १२३ क्रमांकाचं पोर्ट उघडावं लागतं. ती एक ओळ राहिली, की सर्व्हर स्वतः मिलिसेकंदापर्यंत अचूक चालतो आणि शेजारच्या टेबलावरचा संगणक मागेच.