कोऱ्या जागेचा पाठभेद

संहितेचा अभ्यास करताना आपण अक्षरे तपासतो, पाठभेद नोंदवतो. अक्षरांमधल्या कोऱ्या जागेकडे मात्र सहसा पाहत नाही. संगणकावर ही उपेक्षा परवडत नाही, कारण तेथे कोरी जागाही वर्णच असते.

टंकलेखनयंत्रावरील टॅब ही कोष्टकाचे रकाने साधणारी कळ. ती दाबली की गाडा ठरलेल्या थांब्यापर्यंत सरके. कागदावर काहीच उमटत नसे. अमेरिकेत १९६३ साली सिद्ध झालेल्या 'अ‍ॅस्की' संकेतावलीत मात्र टॅबला ९ आणि स्पेसला ३२ असे वेगळे क्रमांक मिळाले. कागदावर जो भेद दिसत नव्हता, तो फाइलमध्ये कायमचा नोंदला गेला.

या अदृश्य भेदाची किंमत 'मेक' या आज्ञावलीच्या इतिहासात दिसते. बेल प्रयोगशाळेत १९७६ साली स्टुअर्ट फेल्डमन यांनी ती रचली, तेव्हा कृतीची ओळ टॅबनेच सुरू व्हावी असा नियम केला. तेथे स्पेस आल्यास डोळ्यांना सारे ठीक दिसते, पण काम अडते. नियमातली अडचण ध्यानी आली तोवर डझनभर वापरकर्ते झाले होते. त्यांची घडी मोडू नये म्हणून तो तसाच राहिला.

युनिक्स परंपरेत टॅबचे थांबे दर आठ रकान्यांवर मानले जातात. तेथील 'एक्स्पांड' ही आज्ञा टॅबच्या स्पेस करते. 'अनएक्स्पांड' उलट, स्पेसचे टॅब करते. आम्हांला लक्षणीय वाटतो तो या दुसऱ्या आज्ञेचा संयम. एरवी ती ओळीच्या आरंभीच्याच स्पेस बदलते. ओळीतल्या स्पेसना हात लावण्यासाठी '-ए' हा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो. थांब्यांचे अंतर '-टी'ने सांगितले, तर मात्र तोही आपोआप लागू होतो. बदललेला पाठ ती स्वतंत्रपणे बाहेर देते. मूळ फाइल अबाधित राहते. तो पाठ त्याच फाइलकडे वळवला, तर वाचनापूर्वीच मूळ पुसले जाते.

समास लेखनिकाचा, ओळीतला अवकाश लेखकाचा, हा विवेक या आज्ञेत आहे. कवितेच्या ओळीत योजलेला विराम सरसकट टॅबमध्ये बदलला, तर दुसऱ्या पडद्यावर त्याची लांबी बदलू शकते. अक्षर एकही न बदलता पाठ बदलतो. संगणकीय संहितांचे संपादन करणाऱ्यांनी म्हणूनच कोऱ्या जागेचीही पाठचिकित्सा केली पाहिजे.