अर्ध्या डोक्याची साक्ष

मराठीत 'डोकेदुखी' हा शब्द केव्हाच रूपक झाला आहे. भांडखोर शेजारी, रखडलेले सरकारी काम, ऐन परीक्षेच्या तोंडावर बदललेला अभ्यासक्रम ही सारी डोकेदुखीच. शब्द इतका सैल झाला की ज्याचे डोके खरोखरच दुखत असते त्याच्या वाट्याला त्यातले थोडेच उरते. 'डोके दुखण्याचे निमित्त' हा शेरा तर तयारच असतो. 'अर्धशिशी' मात्र या घसरणीतून बचावली. तिला कुणी रूपक म्हणून वापरीत नाही. अर्ध आणि शीर्ष यांच्यापासून आलेला हा शब्द आजही एका व्याधीचेच नाव आहे, आणि त्या व्याधीच्या इतिहासात शिरायचे तर या नावापासूनच शिरावे असे आम्हांला वाटते.

कारण जगातल्या अनेक भाषांनी या विकाराला अर्धेपणावरूनच ओळखले. संस्कृत वैद्यकात तो अर्धावभेदक, हिंदीत आधासीसी, अरबी-फारसी परंपरेत शकीका. गेलेनने वापरलेला ग्रीक 'हेमिक्रानिया', म्हणजे अर्धी कवटी, लॅटिनमधून झिजत झिजत फ्रेंचमध्ये 'मिग्रेन' झाला आणि तोच आपल्याकडे 'मायग्रेन' म्हणून आला. गंमत अशी की यांपैकी एकही नाव मळमळीबद्दल, उजेड सहन न होण्याबद्दल किंवा डोळ्यांपुढे तरळणाऱ्या वाकड्यातिकड्या रेघांबद्दल बोलत नाही. शिवाय कितीतरी रुग्णांचे डोके दोन्ही बाजूंनी दुखते. तरीही नाव अर्ध्याचेच पडले. रुग्णाने कपाळाच्या एका बाजूवर दाबून धरलेला हात, एवढेच पाहणाऱ्याला दिसत असावे. बाकीचे सारे त्याने सांगितले तरच कळणार, आणि ऐकणाऱ्याने विश्वास ठेवला तरच टिकणार.

आयुर्वेदाच्या ग्रंथांनी हे सांगणे बरेच नीट ऐकलेले दिसते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शिरोरोगांचे अकरा प्रकार मोजले आहेत. अर्धावभेदक हा त्यांतलाच एक, आणि सूर्याबरोबर चढत जाऊन सूर्याबरोबर उतरणारा सूर्यावर्त हा त्याहून वेगळा. अर्धावभेदक दहा दिवसांनी, पंधरवड्याने किंवा अकस्मात उलटतो, ही सुश्रुताची नोंद. चरकसंहितेत मान, भुवई, शंखप्रदेश, कान, डोळा आणि कपाळ यांच्या अर्ध्या भागात उठणाऱ्या या वेदनेला शस्त्राची आणि अग्निमंथनाच्या अरणीची उपमा दिली आहे. शस्त्र कापते, अरणी एकाच जागी घुसळत राहते. वेदनेचे हे दोन स्वभाव वेगळे आहेत हे ज्याने ओळखले, त्याने रुग्णापाशी बराच वेळ बसून घेतले असणार. ग्रीक परंपरेत इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतला कॅपाडोशियाचा आरेटियस याच जातीचा. हे रुग्ण उजेडापासून पळतात, काळोखाने त्यांना उतार पडतो, गंध त्यांना सोसवत नाहीत, जगण्याचाच त्यांना वीट येतो, असे त्याने लिहून ठेवले. आजच्या निदानाच्या निकषांत यातले बरेच काही जसेच्या तसे सापडते.

मध्ययुगाकडे वळताना एका प्रलोभनाची नोंद घ्यावी लागते. जर्मनीतल्या बिंगेनची हिल्डेगार्ड (१०९८–११७९) ही साध्वी तिच्या दिव्यदर्शनांसाठी प्रसिद्ध आहे. तिच्या ग्रंथांतली तारे आणि तटबंद्यांची चित्रे पाहून चार्ल्स सिंगर या विज्ञानेतिहासकाराने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ती मायग्रेनची लक्षणे ठरवली. ऑलिव्हर सॅक्सच्या १९७० सालच्या 'मायग्रेन' या पुस्तकामुळे हे मत घरोघर पोहोचले. अलीकडच्या अभ्यासकांनी त्याबद्दल साशंकता दाखवली आहे आणि ती आम्हांला रास्त वाटते. आठशे वर्षांनंतर पोथीतली चित्रे पाहून केलेले निदान तपासायचे कसे? वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला तर हे विशेष खटकावे. ज्या ग्रंथाला स्वतःचे ईश्वरशास्त्र आहे, स्वतःची प्रतिमासृष्टी आहे, त्याचे वाचन एका लक्षणापाशी येऊन थांबते.

ज्या बाईच्या बाबतीत निदानाची शंका फारशी नाही, ती मात्र आपल्याकडे जवळजवळ अपरिचित आहे. तिच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. अ‍ॅन कॉनवे (१६३१–१६७९) ही इंग्लंडमधली उमराव घराण्यातली स्त्री. विद्यापीठाची दारे बायकांना बंद होती. तिचा सावत्र भाऊ केंब्रिजला शिकत होता, त्याचे गुरू हेन्री मोर हे पत्रांतून तिचे गुरू झाले आणि पुढे जन्मभराचे स्नेही. बालवयात आलेल्या तापानंतर तिचे डोके दुखू लागले ते अखेरपर्यंत. रक्ताभिसरणाचा शोध लावणारा विल्यम हार्वे तिच्या वैद्यांपैकी एक होता. १६५६ साली कवटीला भोक पाडून घेण्याच्या तयारीने ती फ्रान्सला गेली. तिथल्या वैद्यांचा धीर झाला नाही, त्यांनी रक्तवाहिनी उघडून रक्त तेवढे काढले. १६६६ साली आयर्लंडहून व्हॅलेंटाइन ग्रेटरेक्स या हस्तस्पर्शाने रोग बरे करणाऱ्या गृहस्थाला रॅग्ली येथील तिच्या वाड्यावर आणवले. आसपासच्या पुष्कळांना त्याचा गुण आल्याची बोलवा झाली. तिला आला नाही.

थॉमस विलिस या थोर शरीरशास्त्रज्ञानेही तिला तपासले आणि १६७२ सालच्या आपल्या लॅटिन ग्रंथात तिची हकीकत दिली, एक कुलीन स्त्री म्हणून, नावाशिवाय. डोक्यातल्या रक्तवाहिन्या फुगल्याने ही वेदना होते हा त्याचा तर्क पुढे तीन शतके या ना त्या रूपात टिकला. पण आम्हांला अधिक मोलाचे वाटते ते खुद्द कॉनवेने लिहिलेले पुस्तक. तिच्या वह्यांतले हे चिंतन तिच्या मृत्यूनंतर १६९० साली लॅटिनमध्ये छापले गेले, तेही तिच्या नावाशिवाय. रुग्ण म्हणून अनामिक आणि तत्त्वज्ञ म्हणूनही अनामिक!

या पुस्तकात ती देकार्तशी वाद घालते. मन आणि शरीर ही दोन सर्वस्वी भिन्न द्रव्ये आहेत असे म्हणायचे, तर शरीराला इजा झाली असता आत्म्याने का कळवळावे? ज्याचा देहाशी काही सजातीय संबंधच नाही, त्याने अलिप्त राहायला हवे होते. तिचे उत्तर असे की देह आणि चैतन्य एकाच द्रव्याच्या कमीअधिक स्थूल अवस्था आहेत. हा युक्तिवाद केवळ डोकेदुखीतून जन्मला असे म्हणणे म्हणजे हिल्डेगार्डच्या बाबतीत ज्याला आक्षेप घेतला तेच करणे. तथापि वेदना हा पुरावा म्हणून मांडण्याचा अधिकार तिच्याइतका त्या काळच्या कोणत्या तत्त्ववेत्त्याला होता, हे आम्हांला सांगता येणार नाही. लायब्निझने तिचे नाव आदराने घेतले आहे.

तिच्यानंतर दोनशे वर्षांनी या विकाराला एक निराळा साक्षीदार मिळाला. इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांना अधूनमधून दृष्टीसमोर नागमोडी, चमकती कडा दिसत असे. त्यांचा मुलगा, वैद्यकाचा अभ्यासक ह्यूबर्ट, यालाही ती दिसे. ह्यूबर्टने १८७० साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात तिची चित्रे प्रसिद्ध केली. लहानसा ठिपका कसा पसरतो, किल्ल्याच्या तटासारखी कोनाकोनांची कडा कशी उमटते, मधला भाग कसा दिसेनासा होतो, हे सारे त्यांत आले. तटाची उपमा इतकी पटली की तिच्यावरून ग्रीक शब्दच घडवला गेला. ही चित्रे उत्तम आहेत यात शंका नाही. पण दुर्बिणीतून पाहण्यात मुरलेल्या घराण्यातल्या पुरुषाने काढलेले चित्र निरीक्षण ठरते आणि पलंगावर पडलेल्या बाईने सांगितलेली हकीकत तक्रार ठरते, हेही त्याच काळाचे चित्र आहे.

हा विकार बायकांमध्ये पुरुषांच्या दुपटी-तिपटीने आढळतो, आणि त्याच्याकडे पाहण्याच्या दृष्टीवर त्याचा परिणाम झाल्यावाचून राहिला नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत हॅरल्ड वुल्फ यांनी रक्तवाहिन्यांवर मोलाचे प्रयोग केले. त्याच दमात त्यांनी महत्त्वाकांक्षी, काटेकोर, ताठर असा एक 'मायग्रेनी स्वभाव'ही वर्णिला. दुखणे मग स्वभावाचा दोष होऊन बसले. जोन डिडियन यांच्या १९६८ सालच्या निबंधात याची मजेदार झलक आहे: लेखिकेचे केस विस्कटलेले, म्हणून डॉक्टरांना ती त्या साच्यात बसेना. त्याच निबंधात त्यांनी दुखण्याशी झगडणे सोडून त्याला येऊ देण्याचे आणि जाऊ देण्याचे जे वर्णन केले आहे, ते या विकारासोबत जगणाऱ्या कुणालाही ओळखीचे वाटेल.

व्हर्जिनिया वुल्फ यांची १९२६ सालची तक्रार प्रसिद्धच आहे: प्रेमासाठी इंग्रजीत थोर कवींची भाषा हाताशी आहे, साध्या डोकेदुखीसाठी शब्द नाही. ही तक्रार मराठीला लागू पडते काय? आमचे मत, नाही. ठणका, कळ, सणक, चमक, ठसठस, शिणक, भणभण, घणाचे घाव... आमच्या आज्यांकडे या छटा होत्या आणि त्या एकमेकींच्या जागी वापरल्या जात नसत. सुंठीचा लेप कपाळावर लावताना, नाकात तुपाचे थेंब सोडताना, सूर्योदयापूर्वी दुधाबरोबर जिलेबी खाऊ घालताना 'ठणकतंय का सणकतंय' हे विचारले जाई. उपायांच्या गुणाबद्दल आम्ही काही म्हणत नाही. प्रश्न मात्र अचूक होता. उणीव शब्दांची नाही. हे शब्द लिखित वाङ्मयात क्वचित शिरले आणि दवाखान्याच्या कागदावर तर कधीच नाही.

विज्ञानाची पुढची वाट थोडक्यात सांगता येते. १९४१ साली कार्ल लॅशली यांनी आपल्याच डोळ्यांपुढच्या तटाची गती मोजली आणि मेंदूच्या पृष्ठावरून काहीतरी मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने सरकत असावे असे अनुमान काढले. ब्राझीलच्या आरिस्टिडीस लेआँव यांना १९४४ साली सशाच्या मेंदूत तशाच मंद गतीने पसरणारी लाट सापडली, आणि दोन्हींचा मेळ पुढे बसला. १९९० च्या दशकाच्या आरंभी सुमाट्रिप्टान आले. वेदनेच्या वेळी चेताटोकांतून सुटणाऱ्या सीजीआरपी या रेणूला रोखणारे पहिले प्रतिबंधक इंजेक्शन २०१८ साली अमेरिकेत मान्य झाले, आणि त्या संशोधनासाठी चार शास्त्रज्ञांना २०२१ चा ब्रेन पुरस्कार मिळाला. विलिसच्या फुगलेल्या वाहिन्यांची जागा आता मज्जासंस्थेने घेतली आहे. पण रक्ताच्या तपासणीत किंवा चित्रणात मायग्रेन दिसत नाही. ती तपासणी होते ती दुसरे काही नाही ना, एवढे पाहण्यासाठी. निदान आजही हकिगतीवरच ठरते: निदान पाच झटके, उपचाराविना ४ ते ७२ तास टिकणारे, मळमळ, उजेडाचा आणि आवाजाचा जाच.

म्हणून डॉक्टर रुग्णाला वही घालायला सांगतात. तारीख, वेळ, कोणती बाजू, आदल्या रात्रीची झोप, चुकलेले जेवण, मासिक पाळी, घेतलेल्या गोळ्या. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण साधी वेदनाशामके महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, ट्रिप्टान दहा किंवा अधिक दिवस अशी महिनोन्‌महिने घेतली, तर औषधच डोके दुखवू लागते. अशा वह्या घरोघर कपाटांत पडून असतात. क्वचित एखादीत रकान्याबाहेर, समासात, 'आज सणक नव्हती, नुसता ठणका' असे बारीक अक्षरात लिहिलेले सापडते.